तीन कप्पे, त्यातला एक रिकामा

४ ऑक्टोबर

घरच्या कचऱ्याचं खत करायच्या, म्हणजे कंपोस्टच्या, पेटीची जागा ठरली. मागच्या अंगणाचा कोपरा, झाडाची अर्धी सावली, नळाचा पाईप पोचतो. कुंपणापासून ६० सेंमी सोडले आहेत, नाहीतर मागची फळी बदलायची वेळ आली की आधी कुंपण काढावं लागेल. स्वयंपाकघराच्या दारापासून चाळीस पावलं. रात्री ओटा आवरल्यावर बादली घेऊन तिथवर जायचा कंटाळा येईल का, हा खरा प्रश्न होता. चाळीस पावलांचा कंटाळा येणार नाही, असं वाटतं.

नकाशात एकच लांबलचक पेटी काढली होती. २ मीटर लांब, वर झाकण, दिसायला छान. बाबांनी कागद पाहिला आणि विचारलं, "आत गेलेलं बाहेर कसं काढणार?"

"वरून, फावड्यानं."

"काढून दाखव."

पाणी साठवायचं जुनं पिंप पुढ्यात ठेवलं आणि हातात फावडं दिलं. कमरेइतक्या पिंपाच्या तळाशी फावडं नेऊन माती वर काढायची. चार वेळा वाकले आणि पाचव्यांदा कागद फाडला.

नवीन आराखडा: शेजारीशेजारी तीन कप्पे, पुढची बाजू फळ्याफळ्यांनी उघडणारी. प्रत्येकाची आतली रुंदी ९५ सेंमी, खोली १ मीटर, उंची ९० सेंमीच्या आसपास. म्हणजे घनमीटरला थोडं कमी. याहून फार लहान ढीग तापत नाही, कारण आतले जंतू उष्णता तयार करतात तेवढी पृष्ठभागातून निघून जाते. दीड मीटरच्या पुढे गेलं की मध्यापर्यंत हवा पोचत नाही. तीन का, तर एकात रोजचा कचरा साठवायचा, दुसऱ्यात ढीग तापवायचा, तिसऱ्यात मुरवायचा. निदान आज तरी मला असं वाटतंय.

७ ऑक्टोबर

लाकूड. पाच जुनी पॅलेट (माल वाहायच्या लाकडी चौकटी) मिळाली. पॅलेटवर शिक्का शोधायचा असतो: ओंबीचं चिन्ह, शेजारी देशाचा संकेत आणि दोन अक्षरं. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, गाभ्यात ५६ अंश सेल्सियस, सलग ३० मिनिटं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घ्यायचं नाही. चार पॅलेटवर एचटी निघालं. पाचव्यावर शिक्काच नव्हता, वर कसला तरी तेलकट डाग. ते परत.

ओळखीच्यांनी जुन्या डेकच्या (घराबाहेरच्या लाकडी चौथऱ्याच्या) फळ्या फुकट देऊ केल्या होत्या. हिरवट झाक, अजून टणक. मोह झाला. पण टिकाऊ केलेल्या जुन्या लाकडात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक मुरवलेलं असू शकतं. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते बंद झालं, पण आधी लावलेलं लाकूड अजून जागोजाग उभं आहे. ज्या खतात पालेभाजी लावायची त्याला असल्या फळ्या टेकवायच्या नाहीत. नाही म्हणताना जीभ जड झाली, एवढंच.

११ ऑक्टोबर

पॅलेट सुटं करणं हे खिळे काढण्याचं काम आहे असं मी समजत होते. ते खिळे पिळाचे असतात, निघत नाहीत. पहारीनं उचकटायला गेले तर पहिल्या सहापैकी चार फळ्या टोकाला चिरल्या. मग फळी आणि खालचा ठोकळा यांच्या फटीत इलेक्ट्रिक करवतीचं धातू कापणारं पातं घालून खिळेच कापले. खिळ्यांचं डोकं फळीतच राहतं, राहू दे. दिवसअखेर १०० सेंमी लांब, १० सेंमी रुंद अशा ३३ फळ्या हाती. आडभिंतींना ३२ लागतात. एक शिल्लक.

पुढच्या आणि मागच्या बाजूला नव्या फळ्या घेतल्या, १४ सेंमी रुंद, २० मिमी जाड. खांब ७५ मिमी चौरस, आठ.

१२ ऑक्टोबर

जवसाचं कच्चं तेल, दोन हात. 'उकळलेलं' म्हणून मिळतं त्यात लवकर सुकावं म्हणून बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून कच्चं. सुकायला आठवडा घेतं, घेऊ दे.

तेलाच्या चिंध्या बाबांनी दोरीवर एकेक सुटी वाळत घातल्या. गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं, उष्णता आत कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. ढिगात मला हवी असलेली गोष्ट चिंधीत नको होती.

१८ ऑक्टोबर

आडभिंती उभ्या. दोन खांबांवर आठ फळ्या, मध्ये १५ मिमीची फट. फटीसाठी त्याच मापाची चिपाटी कापून ठेवली, दर वेळी पट्टी लावायची गरज नाही. आठ फळ्यांची उंची ९०.५ सेंमी झाली. मागची बाजू १४ सेंमीच्या सहा फळ्यांची, तिची ९१.५. एक सेंटीमीटरचा फरक. बाबा बराच वेळ त्याकडे बघत होते, बोलले काही नाहीत.

स्क्रू स्टेनलेसचे, प्रत्येकाला आधी ड्रिलनं भोक. खांब जमिनीत पुरले नाहीत. लाकूड ओलाव्याला मातीच्या पातळीपाशी सगळ्यात आधी हरतं, आणि खांबाचं कापलेलं टोक पाणी स्ट्रॉसारखं ओढतं. म्हणून प्रत्येक खांबाखाली वीट. आठ विटा एका पातळीत आणायला पूर्ण सकाळ गेली. पाणसळीतला बुडबुडा सातव्या विटेवर हट्टाला पेटला होता.

१९ ऑक्टोबर

खाली जाळी. घरात कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी पडून होती, ती अंथरली. काम पटकन झालं.

२५ ऑक्टोबर

पुढची बाजू. प्रत्येक खांबाच्या आतल्या अंगाला दोन उभ्या पट्ट्या ठोकल्या, मधल्या खाचेत फळ्या वरून सरकवायच्या. एका फळीवर दुसरी थेट बसू नये म्हणून प्रत्येकीच्या खालच्या कडेला दोन्ही टोकांना एकेक स्क्रू, १५ मिमी बाहेर ठेवलेला. ही युक्ती माझी, तिचा मला अभिमान आहे.

फळी २० मिमी, खाच २१. फळी सरकताना हवा दाबल्यासारखा आवाज येतो, इतकी नेटकी. बाबांनी विचारलं, "खाच मोजून केलीस की मोकळी?" मी म्हटलं, मोजून. ते "बरं" म्हणाले. त्यांच्या 'बरं'चे मला आता प्रकार कळतात. हा चांगला नव्हता.

१ नोव्हेंबर

पहिला ढीग. रोजचा कचरा दिवसाला १ किलोच्या आसपास, तेवढ्यानं कप्पा भरायला वर्ष लागेल, आणि तोवर आधीचं कुजून गार झालेलं असेल. म्हणून दोन आठवडे गवत कापून आणि पालापाचोळा गोळा करून एकदम भरला.

प्रमाणाचा हिशेब इथेच लिहून ठेवते, दर वेळी विसरते. जंतूंना एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण १५, वाळलेल्या पानांत ६०च्या आसपास, लाकडाच्या भुशात काहीशे. पण ओल्या कचऱ्यात पाचातले चार भाग पाणीच असतं. १ किलोत कोरडं फक्त २०० ग्रॅम, त्यात कार्बन ९० ग्रॅम, नत्र ६. अर्धा किलो सुक्या पानांत कार्बन सुमारे २०० ग्रॅम, नत्र साडेतीन. बेरीज केली की ३०च्या जवळ. म्हणजे वजनानं ओल्याच्या निम्मं सुकं पुरतं. पण पानं हलकी, त्यामुळे बादलीच्या मापानं एक बादली ओल्याला दोन-तीन बादल्या चुरलेली पानं. वजन आणि बादली यांची गल्लत हीच माझी गेल्या वेळची चूक होती.

ओलावा हातानं: मूठभर घेऊन पिळलं तर दोन-तीन थेंब यावेत, धार नाही. एक घमेलं जुनं खत विरजण म्हणून घातलं. नसतं तरी चाललं असतं, जंतू पानांवर आधीच असतात. पण हाताला बरं वाटतं.

तिसरा कप्पा रिकामा दिसत होता. पानं उरली होती. भरून टाकला. पहिल्यात रोजचा कचरा, दुसऱ्यात ढीग, तिसऱ्यात पानं. तिन्ही भरलेले, संध्याकाळी फोटो काढला.

२ नोव्हेंबर: ४१ अंश. ३ नोव्हेंबर: ५४. ४ नोव्हेंबर: ६१.

तापमापी अर्धा मीटर लांब दांड्याची, ढिगाच्या मध्यात. चौथ्या दिवशी सकाळी वाफ दिसली आणि मी कारण नसताना तीनदा अंगणात जाऊन आले.

५ नोव्हेंबर

६३. याच्या पुढे, ६५-७०च्या वर, काम करणारे जंतूच मरायला लागतात. दोन फळ्या काढून दाताळ्यानं जरा मोकळं करावं म्हटलं. रात्री पाऊस पडून गेला होता. फळी हलेना. हातोडीनं खालून ठोकली, हलेना. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, पण रुंदीत आणि जाडीत फुगतं, शिवाय एका बाजूनं ओलं झालं की वाटीसारखं वाकतं. बाहेरून पाऊस, आतून वाफ. २१ मिमीच्या खाचेत वाकलेली २० मिमीची फळी पाचरीसारखी बसली होती.

बाबा व्हरांड्यातून बघत होते. या वेळी 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत.

८ नोव्हेंबर

चार फळ्या पहारीनं काढल्या, एक फुटली. बाहेरच्या पट्ट्या उखडून पुन्हा ठोकल्या, खाच आता २७ मिमी. फळ्या खडखडतात. खडखडू देत.

९ नोव्हेंबर

तापमान ४८वर उतरलं. म्हणजे पलटी मारायची वेळ: कडेचं मध्ये, मधलं कडेला. ढिगाचा गाभा ५५च्या वर काही दिवस राहिला की रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं, पण कडा तेवढ्या तापत नाहीत, म्हणून पलटी. १९३१ साली अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी मांडलेल्या इंदूर पद्धतीतही तीन महिन्यांत तीन पलट्या आहेत. (पद्धतीला नाव हॉवर्डचंच चिकटलं. वाडांचं नाव क्वचित निघतं.)

दाताळं घेऊन उभी राहिले आणि लक्षात आलं की पलटी मारायला जागाच नाही. दुसऱ्यातलं टाकायचं तिसऱ्यात, तिसरा पानांनी गच्च. पहिल्यात कचरा. शेवटी ताडपत्रीवर अर्धा टन माल काढला आणि परत भरला. अर्धा टन हे उगाच म्हणत नाही: ओलं कंपोस्ट घनमीटरला ५०० ते ७०० किलो भरतं. एकाच मालाला दोनदा उचललं. कंबर धरली.

तीन कप्प्यांचा अर्थ आज कळला. कप्पे दोनच आहेत. तिसरा म्हणजे दाताळं फिरायची जागा, आणि ती आपण फळ्यांनी वेढून घेतो म्हणून ती कप्पा दिसते. उद्या पानं पोत्यांत भरून तिसरा मोकळा करणार.

१० नोव्हेंबर

केला. सोळा पोती.

१५ नोव्हेंबर

दुसऱ्याच्या वरच्या दोन फळ्या खाली पडलेल्या. पाहिलं तर पुढचे खांब वरच्या टोकाला एकमेकांपासून २ सेंमी फाकलेत. विटेवर नुसते टेकवलेले खांब, मध्ये ओला ढीग, पलीकडचा कप्पा रिकामा. फाकणारच. आडवी पट्टी कायमची ठोकली तर दाताळं अडतं, म्हणून दोन्ही टोकांना खोबण केलेली पट्टी वरून खांबांवर बसवली. काम करताना उचलून बाजूला ठेवायची. बाबांनी पटाशीनं खोबण दहा मिनिटांत केली, मोकळी.

१८ नोव्हेंबर

शेजारच्या काकू कुंपणापाशी. "अगं, तुमच्या त्या खोक्यात काही मेलंय का?"

मेलं नव्हतं. आदल्या दिवशी दोन पोती ताजं कापलेलं गवत पहिल्या कप्प्यात एकदम ओतलं होतं, वर सुकं न घालता. गवत चपटं बसून चटईसारखं झालेलं. नाक डोळे झोंबले, म्हणजे अमोनिया: नत्र जास्त, खाणारे त्याला पुरे पडत नाहीत, ते वायू होऊन उडतं. खाली मात्र सडक्या अंड्याचा वास, म्हणजे हवा नाही. एकाच कप्प्यात दोन वेगळे आजार. दोन्हींवर औषध एकच निघालं, तीन पोती पानं आणि दाताळं. गेल्या आठवड्यात ज्या पोत्यांना शिव्या घातल्या तीच कामाला आली.

काकूंना दुपारी पुन्हा विचारलं. म्हणाल्या, "आता पावसानंतरच्या मातीसारखा येतोय." अजून तसा येत नव्हता, त्या चांगल्या आहेत.

२ डिसेंबर

पहिल्या कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात बीळ. मुठीएवढं तोंड, बाहेर ताजी माती. लहान उंदीर नव्हे, घूस किंवा मोठा उंदीर असावा. षट्कोनी जाळी कुरतडून वर आलेला. त्या जाळीची तार बारीक असते, ती कोंबड्या आत ठेवण्यासाठी असते, दात बाहेर ठेवण्यासाठी नाही. शिवाय गेल्या आठवड्यात उरलेलं शिजवलेलं अन्न टाकलं होतं, मीच. आमंत्रण आणि दार दोन्ही माझंच.

६ आणि ७ डिसेंबर

कप्पे एकेक रिकामे करून खाली वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी, ६ मिमीची. १२ मिमीतून लहान उंदीर जातो. गांडुळं सहातूनही ये-जा करतात. कडा २० सेंमी वर वळवून फळ्यांना आतून स्क्रू मारले. तिसरा रिकामा होता म्हणून हे दोन दिवसांत झालं: दुसऱ्यातलं तिसऱ्यात, दुसऱ्याला जाळी, पहिल्यातलं दुसऱ्यात, पहिल्याला जाळी, पुन्हा सगळं मागे, शेवटी तिसऱ्याला. मुलांच्या खेळातल्या सरकत्या चौकोनांसारखं. शिजवलेलं, मांस, दूध, तेलकट यापुढे बंद. कुत्र्या-मांजराची घाण आधीपासूनच बंद.

४ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही, हीच बातमी. ढीग ३० अंशांवर, निम्म्याहून खाली बसला. मधल्या थरावर राखेसारखं पांढरं. बुरशी वाटते, पण हे ॲक्टिनोमायसीट जंतू असतात. पावसानंतरच्या मातीचा वास त्यांच्याच जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. काकूंना सांगायला हवं. तांबडी गांडुळं स्वतःहून आलीत. कुठून, कोण जाणे.

११ जानेवारी

घाई केली. दहा मुळ्याच्या बिया या खताच्या आणि मातीच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात, दहा नुसत्या मातीत.

१७ जानेवारी

मातीत नऊ उगवल्या. खतात चार, त्याही पिवळ्या. अर्धकच्चं आहे. तापून झालं, मुरलं नाही.

२२ फेब्रुवारी

बंद पिशवीत ओलसर खत तीन दिवस ठेवलं, उघडल्यावर आंबूस वास नाही. मुळ्याची परीक्षा पुन्हा: खतात नऊ, मातीत नऊ. पास.

चाळलं. चाळणी जुन्या १२ मिमीच्या जाळीची, घमेल्यावर बसेल अशी. एकोणीस घमेली बारीक, तीनेक घमेली जाडसर काटक्या. त्या नवीन ढिगात विरजण म्हणून गेल्या, त्यांच्यावर जंतू बसलेलेच असतात. खताला नाक लावून बसले होते, आई हसली.

१४ मार्च

तपासणी. तळाच्या फळीवर, आतल्या बाजूनं, पांढरे धागे. स्क्रूड्रायव्हर दाबला तर टोक जरासं रुततं. फळी आणि आतला माल यांत जंतूंच्या लेखी फरक नाही, जवसाच्या तेलामुळे त्यांना थोडा उशीर होतो इतकंच. म्हणून सगळं स्क्रूनं जोडलं ते बरं: खालची फळी काढायला वरच्यांना हात लावावा लागत नाही. ती जाईल तेव्हा तेहेतिसावी बसेल.

नवीन ढीग ६० अंशांवर जाऊन उतरला, आज पलटी. तिसऱ्याची पुढची पट्टी उचलली तर आत बाबांच्या अकरा कुंड्या, पाईपचं भेंडोळं आणि फुटलेली खुर्ची.

"जागा होती म्हणून ठेवलं," बाबा म्हणाले.

कुंड्या बाहेर काढल्या. खुर्ची लाकडाची आहे, शिक्का नाही. उद्या बघू.